गावाची पाणीयोजना करताना: माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडे, म्हणजे माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात दहा-वीस शेतकरी एकत्र येऊन पाण्याचं काही करायला बसले, की तेच ते प्रश्न निघतात. बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर खरं ठरतं, आणि चर खणून झाल्यावर भांडणं सुरू होतात. म्हणून ही उत्तरं लिहून ठेवली आहेत. हिशेब नमुन्याचे आहेत. तुमच्या शिवारात मोजून तुमचे आकडे त्या जागी घाला.

मोटर किती एचपीची लागेल? तिथून सुरुवात करायची ना?

नाही. मोटर सगळ्यात शेवटी. आधी पाणी किती आहे ते बघायचं, मग ते कोणाला आणि कोणत्या पिकाला द्यायचं ते ठरवायचं, आणि त्यानंतर ते न्यायचं कसं याचा विचार. बहुतेक गट उलटं करतात. दुकानदाराकडून पाइप-मोटरचं कोटेशन आणतात, माणशी वर्गणी काढतात आणि पाण्याची मोजणी राहूनच जाते. कोटेशन फुकट मिळतं, मोजणीला दोन उन्हाळे लागतात, हे त्यामागचं खरं कारण.

आमच्या शिवारात पाणी किती, हे मोजायचं तरी कसं?

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचा सगळा हिशेब कागदावर बसतो.

समजा गावचं शिवार १,००० हेक्टर आहे आणि पाऊस ५०० मिमी. आपल्या पट्ट्यात साधारण ४५० ते ५५० मिमीच धरावा. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,५०० मिमीच्या पुढे पडतो, पण तो सह्याद्रीच्या माथ्यावरच. आपण त्याच्या पर्जन्यछायेत. तर गावावर पडलेलं एकूण पाणी झालं ५०० कोटी लिटर. आकडा ऐकून बैठकीत लोक खूश होतात. जरा थांबा.

यातलं बरंचसं पाणी मातीत ओल म्हणून राहतं आणि उन्हानं उडून जातं. ते वाया गेलं असं नाही, बाजरी-मटकी-हुलगा त्याच ओलीवर येतात. ओढ्या-वगळीनं वाहून जाणारं साधारण दहा टक्के, म्हणजे ५० कोटी लिटर. खडकात मुरणारं दहा-बारा टक्के धरू, म्हणजे ५५ कोटी. वाहतं पाणी सगळं अडवता येत नाही आणि अडवूही नये, खाली दुसरं गाव आहे. निम्मं धरा, २५ कोटी. मुरलेल्या पाण्याचाही सगळा उपसा करायचा नसतो. भूजलाच्या सरकारी वर्गवारीत वार्षिक उपलब्धतेच्या ७० टक्क्यांपर्यंतचा उपसा सुरक्षित धरतात, तो झाला ३८ कोटी. बेरीज ६३ कोटी.

यातून आधी पिण्याचं पाणी काढा. २,५०० माणसांना रोज माणशी ५५ लिटरनं वर्षाला ५ कोटी. हजार मोठ्या जनावरांना रोज ५० लिटरनं जवळपास २ कोटी. शेतीला उरले ५६ कोटी.

शाळूला (रब्बी ज्वारीला) दोन संरक्षित पाणी द्यायची तर एकराला साधारण सहा लाख लिटर लागतात. ५६ कोटींत ९३० एकर भिजतात. उसाला पावसाशिवाय वरून किमान १,५०० मिमी धरा, म्हणजे एकरी ६० लाख लिटर. तेवढ्याच पाण्यात ९३ एकर. शिवार आहे २,५०० एकर. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर खडूनं मांडा. छापून वाटलेला कागद कोणी वाचत नाही.

आणि हे सरासरी वर्षाचं झालं. पाऊस ५०० चा ३०० मिमी झाला तर वाहून येणारं पाणी त्याच प्रमाणात कमी होत नाही, फार जास्त घटतं, कारण पहिला पाऊस तापलेली जमीनच पिऊन टाकते. पेरण्या बऱ्या दिसतात आणि तलाव मात्र कोरडा, अशी वर्षं आपण पाहिली आहेतच.

विहिरीला पाणी भरपूर आहे. दिवाळीत काठोकाठ असते. मग काय हरकत आहे?

दिवाळीची विहीर सगळ्यांचीच भरलेली असते. चाचणी चैत्र-वैशाखात घ्या.

पद्धत साधी आहे. सुती दोरीला वीतभर दगड बांधा, दर हाताला गाठ मारा. मोटर चालू करून पाणी तळाला न्या, मोटर बंद केल्याची वेळ लिहा आणि दर दोन तासांनी दोरी सोडून पातळी किती वर आली ते टिपा. दोरी किती हात भिजली, त्यावरून पातळी कळते. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी एक मीटर वर आली म्हणजे सुमारे ५०,००० लिटर आलं. त्याला दहा तास लागले, तर तुमच्या विहिरीची खरी आवक तासाला ५,००० लिटर. दुकानदारानं सुचवलेली मोटर तासाला १८,००० लिटर उपसणारी असेल, तर ती पाणी ओढून संपवेल आणि मग तुम्ही ऑटो स्विचला शिव्या द्याल.

शेजारच्या विहिरी त्या दिवशी चालू होत्या की बंद, तेही वहीत लिहा. त्या चालू असताना तुमची आवक कमी भरली, तर पाणी एकाच थरातलं आहे हे समजून घ्या.

पाणी कमी पडतंय तर बोअर आणखी खोल मारू. तीनशेला नाही तर सातशेला लागेल.

आपला खडक काळा बसाल्ट. त्याच्या वरच्या कुजलेल्या, भेगाळ थरात जे काय पाणी असतं ते असतं. खाली गेलं की खडक बंद होत जातो. मधेच एखादी भेग लागते, चार महिने पाणी येतं, आणि ते पाणी कोणाच्या तरी विहिरीतलं असतं.

या खडकाची साठवण किती कमी आहे, ते बघा. भूजलाच्या हिशेबात त्याची देणारी क्षमता दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे १०० हेक्टरमधल्या सगळ्या विहिरींची पातळी एक मीटर वर आली तर त्यात पाणी वाढलं २ कोटी लिटर, उसाच्या हिशेबानं तीन-चार एकरांचं. खडकातलं पाणी म्हणजे भावकीची सामाईक कणगी आहे, ज्याचा हात लांब तो तळापर्यंत पोचतो एवढंच. शिवाय महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ नुसार ६० मीटरपेक्षा खोल विहीर वा बोअर शेतीसाठी घ्यायला मनाई आहे. आजूबाजूला काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं, पण बँकेचं कर्ज किंवा योजनेचा पैसा घालून हे करू नका.

टेंभूचं (किंवा म्हैसाळचं, जिहे-कठापूरचं) पाणी येणारच आहे. मग गावाची वेगळी योजना कशाला?

हा प्रश्न आता सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि रास्त आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पुढे सांगोल्यापर्यंत नेलं आहे. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळहून कवठेमहांकाळ-जतकडे पाणी जातं. ताकारीची योजना कडेगाव-पलूस-तासगावच्या बाजूला. साताऱ्यात उरमोडीचं पाणी खटाव-माणला वळवलं, आणि जिहे-कठापूरचं पाणी नेर तलाव, आंधळी धरण या वाटेनं माणमध्ये पोचलं. यामागे नुसती सरकारी कागदपत्रं नाहीत. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीत भरलेल्या पाणी परिषदा आहेत, मोर्चे आहेत. आज जे पाणी दिसतं त्यात त्या लोकांचा मोठा वाटा आहे.

तरी गावाची योजना लागतेच. पहिलं कारण, हे उचललेलं पाणी आहे आणि उचलायला वीज लागते. या योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनानं उचलायचा आणि १९ टक्के लाभधारकांनी, असं सूत्र आहे. १९ टक्के थकले की पंप सुरू व्हायला उशीर होतो, आणि तो उशीर नेमका मार्च-एप्रिलमध्ये होतो. दुसरं कारण, आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, मिळालं तरी ते एकदा येऊन जातं. ते साठवायला तुमचा पाझर तलाव गाळानं भरलेला असेल, बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) नसतील, तर पाणी ओढ्यानं पुढे जाणार. तिसरं कारण वाटपाचं. टेलचा, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी प्रत्येक योजनेत असतो, आणि त्याला कसं पोचवायचं हे मंत्रालयात नाही, गावातच ठरतं.

त्यामुळे वरच्या हिशेबात आवर्तनाचं पाणी धरा, पण वेगळ्या रकान्यात. ते नाही आलं तर काय करणार, याचंही उत्तर लिहून ठेवा.

कृष्णेच्या पाण्याचं आणखी एक सांगायला हवं. बच्छावत लवादानं १९७३ च्या निवाड्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो, पण वाटेकरीही तेवढेच आहेत. आणि २०१९ चं वर्ष आठवा. उन्हाळ्यात माण-आटपाडीत चारा छावण्या, ऑगस्टमध्ये सांगली शहर पुरात. एकाच खोऱ्यात, दोन-तीन महिन्यांच्या अंतरानं.

म्हणजे ऊस लावायचाच नाही का?

स्वतःच्या हक्काच्या वाट्यात बसत असेल तर लावा, ठिबकवर लावा, आणि इतर पिकांचं पाणी कमी झालं तर तक्रार करू नका. योजनेचं सामाईक पाणी उसाला द्यायचं नाही, असा नियम पहिल्याच बैठकीत करावा असं आमचं स्पष्ट मत आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे ऊस बंद, माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, आणि भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. मुलूख आपल्यासारखाच, पाऊस आपल्यासारखाच.

ऊस सोडून कोरड्यावर या, असं कोणी म्हणत नाही. आटपाडी-सांगोल्याकडचं डाळिंब, तासगाव-कवठेमहांकाळची द्राक्षं याच पट्ट्यात उभी राहिली. डाळिंबाची एकरी ३०० झाडं धरली आणि भर उन्हाळ्यात झाडाला ४० ते ६० लिटर दिले, तर रोज १२ ते १८ हजार लिटर लागतात. पण फळबागेत एक धोका आहे. शाळूला पाणी नाही मिळालं तर एक हंगाम जातो, बागेला नाही मिळालं तर दहा वर्षांची झाडं जातात. म्हणून गावातलं बागेचं एकूण क्षेत्र दुष्काळी वर्षाच्या पाण्यावर बेता, चांगल्या वर्षाच्या नाही.

शेततळं घ्यावं का? सगळेच घेतायत.

कशानं भरणार ते आधी सांगा.

उतारावरून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्यानं भरणारं शेततळं ही उत्तम गोष्ट आहे. उघड्यावर वाहून जाणारं पाणी थांबतं आणि सप्टेंबरातल्या ताणात पिकाला एक पाणी देता येतं. पण आपल्याकडची निम्मी प्लास्टिकची तळी माळावर, उंचवट्याला, चारी बाजूंनी भराव घालून बांधलेली दिसतात. त्यात पावसाचं पाणी शिरायला वाटच नसते. ती भरतात विहिरीनं नाहीतर बोअरनं, हिवाळ्यात, रात्रंदिवस. म्हणजे सावलीत, खडकात, सगळ्यांच्या वाट्याचं असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं आणि स्वतःच्या नावावर करायचं. विजेचा लपंडाव असेल तिथे दोन-चार दिवसांचं पाणी साठवायला छोटं तळं ठीक. पण उन्हाळाभराचा साठा म्हणून बोअर उपसून तळं भरणं योजनेच्या नियमात बंद करा.

आकडे बघा. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, बाजूंना एकास दीड उतार, अशा तळ्यात साधारण १९ ते २० लाख लिटर मावतात. फेब्रुवारी ते मे रोज सरासरी सहा मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर चार महिन्यांत पाच-सहा लाख लिटर हवेत जातात, म्हणजे पावाहून जास्त. तळं रुंद आणि उथळ असेल तर आणखी जास्त. म्हणून खोली वाढवा, तोंड लहान ठेवा.

पाणी आत येतं तिथे गाळ बसायला खड्डा करा. कुंपण पहिल्या दिवशी, तळं भरायच्या आधी. प्लास्टिकच्या उतारावर माणसाचा पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. चारी बाजूंना खुंटाला बांधलेली, गाठी मारलेली दोरी पाण्यापर्यंत सोडलेली असावी, आणि एका दोरीला हवा भरलेली ट्यूब. हा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा, नाहीतर "नंतर बघू" मध्ये राहतो.

पाइप किती इंची घ्यावा? लहान पाइपनं प्रेशर चांगलं येतं म्हणतात.

हा गैरसमज फार महागात पडतो. उदाहरणच घेऊ.

ओढ्याकाठच्या विहिरीपासून माळावरच्या टाकीपर्यंत दीड किलोमीटर पाइप, चढ ५० मीटर, आणि पाणी हवं सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८,०००. ११० एमएमचा पाइप टाकला तर घर्षणात पाच-सहा मीटर जातात. बेंड, व्हॉल्व्ह धरून एकूण हेड, म्हणजे चढ आणि घर्षण मिळून पंपाला पेलावी लागणारी उंची, ६० मीटर. ७५ एमएमचा टाकला तर घर्षणातच ३४ मीटरच्या आसपास जातात आणि हेड होतं ८८ मीटर.

आता एचपीचा हिशेब. सेकंदाचे लिटर गुणिले हेड, भागिले ७५, आणि पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरून आलेल्या उत्तराला ०.५५ नं भागायचं. मोठ्या पाइपला ७.३ येतात, साडेसातची मोटर चालते. लहान पाइपला १०.७ येतात, म्हणजे साडेबाराची मोटर. पाइपमध्ये एकदा वाचवलेला पैसा मोटरमध्ये, स्टार्टरमध्ये आणि पुढे दर तासाच्या विजेत भरत राहायचा. शिवाय मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे ती साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांनाच. लहान पाइपमुळे मोटर त्या रेषेपलीकडे जाते. संस्थेच्या नावावरच्या कनेक्शनला ही सवलत मिळेल असं मात्र गृहीत धरू नका. महावितरणच्या उपविभागात लेखी विचारून घ्या.

पाइपची जाडी सगळीकडे सारखी लागत नाही. केजी म्हणजे पाइप किती दाब सोसतो त्याचं माप. चार केजीचा पाइप ४० मीटर हेड सोसतो, सहा केजीचा ६०, दहा केजीचा १००. ५० मीटर चढाच्या लाइनला पायथ्याशी दहा केजी, मध्यावर सहा केजी आणि माथ्याजवळ चार केजी असं टाका. वीज अचानक गेली की वर चढलेलं पाणी मागे येऊन आदळतं, त्याचा दणका पायथ्याच्या पाइपला बसतो. तिथे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवा. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह, आणि सगळ्यात सखल जागी गाळ सोडायला वॉशआउट.

चढ मोजायला मोबाइलवरची उंची चालणार नाही, त्यात बराच फरक पडतो. डम्पी लेव्हल असलेला सर्व्हेअर एक दिवस आणा. पाइप किमान तीन फूट खोल पुरा, नांगराला लागला तर कोणाच्या तरी डोक्याला ताप होतो. बुजवताना खाली-वर बारीक माती घाला. मुरमातला टोकदार दगड पाइपवर बसला की दोन वर्षांनी तिथेच गळती.

सेकंदाला ५ लिटर म्हणजे किती रान भिजतं?

आठ तास वीज धरली तर दिवसाला १,४४,००० लिटर. मोकळ्या पाण्यानं, वाफे भरून द्यायचं तर एकराला एका पाळीला तीन लाख लागतात, म्हणजे दिवसाला अर्धा एकर. ठिबकवर बाग असेल तर आठ-दहा एकरांची रोजची गरज भागते. गटात ४० एकर घेऊन बसलात आणि सगळे वाफ्यानं देणार असाल, तर पाळी ८० दिवसांनी येईल.

सौर पंप चालेल का?

लहान चढ आणि दिवसा पाणी हवं असेल तर उत्तम. रात्री अकराला बॅटरी घेऊन, साप-विंचवाची भीती पोटात ठेवून रानात जायचं बंद होतं, हे एकच कारण पुरेसं आहे. "मागेल त्याला सौर कृषिपंप" योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात. पण ६० मीटर हेडला पॅनेल किती लागतील आणि ढगाळ श्रावणात किती मिळेल, हे कंपनीकडून लिहून घ्या.

परवानग्या कोणकोणत्या लागतात?

नदी, तलाव किंवा बंधाऱ्यातून पाणी उचलायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी. पाझर तलाव, लहान बंधारा कोणाच्या ताब्यात आहे, जलसंधारणाच्या की जिल्हा परिषदेच्या, ते आधी शोधा. त्यातच महिना जातो. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर-बोअर काढता येत नाही. जागा ठरवताना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला बोलवा. नारळ हातावर ठेवून पाणी बघणाऱ्याला बोलवायचंच असेल तर त्याच्या नंतर बोलवा.

पाइपलाइन एकाच्या शेतातून न्यावी लागते. तो अडवून बसलाय.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली दुसऱ्याच्या जमिनीतून पाट किंवा पाइप नेण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. रस्ता कायद्यानं मिळतो, पण आधी त्याला गटात घेता येतं का बघा. बहुतेक वेळा विरोध पाइपला नसतो, "मला कोणी विचारलं नाही" याला असतो. त्याच्या बांधावर एक व्हॉल्व्ह काढून दिला की काम होतं. नाहीच झालं तर बांधाच्या कडेनं न्या. शंभर मीटर पाइप जास्त गेला तरी दोन वर्षांच्या तारखांपेक्षा स्वस्त.

वाटप कसं ठरवायचं? ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हेच बरोबर नाही का?

पैसे जमिनीच्या प्रमाणात आणि पाणीही जमिनीच्या प्रमाणात, हे दिसायला सरळ आहे. पण पाणी सगळ्यांच्या डोंगरावरून, गायरानावरून, गरिबाच्या माळावरून येतं, आणि मुरतं जास्त जमीनवाल्याच्या बांधात. माथ्यावर चर खणायला श्रमदानाला येणाऱ्यांत भूमिहीनच पुढे असतात. त्यांचा वाटा शून्य, असं म्हटलं तर पुढच्या वर्षी कोणी येणार नाही.

खानापूर तालुक्यात येरळा नदीवरचं बळीराजा धरण लक्षात घ्या. १९८० च्या दशकात शेतकऱ्यांनी स्वतः उभं केलं, आणि समन्यायी वाटप हा त्याचा पायाच होता. कोयना-कृष्णेच्या पाण्याच्या चळवळीत डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलानं हीच मागणी लावून धरली.

व्यवहारात मधला मार्ग असा निघतो. प्रत्येक कुटुंबाला एक ठरावीक मूळ वाटा, जमीन असो वा नसो. भूमिहीन कुटुंबानं तो वापरावा, कोणाच्या रानात वाट्यानं लावावा किंवा गटाला परत विकावा. उरलेलं पाणी क्षेत्राप्रमाणे, वर कमाल मर्यादा घालून. वाटा कुटुंबातल्या बाई आणि पुरुष दोघांच्या नावानं लिहा. नवरा मुंबईला माथाडीत किंवा गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात परमुलखाला आणि पाणी धरणारी घरात, ही विटा-आटपाडी-माणची नेहमीची स्थिती. सभेला तीच येणार, तर मतही तिचंच हवं.

पाणी तासावर नको, लिटरवर द्या. टाकीजवळच्या माणसाच्या तासात आणि टेलच्या माणसाच्या तासात पाणी सारखं येत नाही. प्रत्येक व्हॉल्व्हवर मीटर परवडत नसेल तर टेलपासून पाळी सुरू करा. वरचे आपोआप लक्ष ठेवतात, कारण टेलचं भिजल्याशिवाय त्यांची पाळी येत नाही.

मोठ्या योजनेच्या लाभक्षेत्रात असाल तर महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली पाणी वापर संस्था नोंदवा. संस्थेला पाणी मोजून मिळतं, आणि त्या कोट्यात पीक कोणतं घ्यायचं हे सभासद ठरवतात.

पाणीपट्टी किती ठेवावी?

वीज, पाटकऱ्याचा (पाणी सोडणाऱ्या माणसाचा) पगार, आणि मोटर-पाइप बदलण्यासाठी दरवर्षी बाजूला काढायची रक्कम, या तिन्हींची बेरीज भागिले वर्षाचं पाणी. तिसरी रक्कम कोणी धरत नाही. नदीकाठच्या जुन्या उपसा सहकारी संस्था ज्या अडचणीत आल्या, त्यांत थकलेलं वीजबिल आणि कर्ज हेच दुखणं होतं. सातबारावर बोजा राहिला आणि पाणी बंद पडलं. पट्टी पाळीच्या आधी घ्या. उधारीवर पाणी सोडलं की भावकीतल्या माणसाकडून वसुली होत नाही.

पाटकरी गटाबाहेरचा ठेवा, आणि व्हॉल्व्हची चावी त्याच्याकडेच.

माथ्यावरची कामं करायची की थेट बंधारा?

माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग शेतात बांधबंदिस्ती, मग ओढ्यावर नालाबांध. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या गावांच्या स्पर्धेतला पहिला वॉटर कप जिंकला तो याच कामांवर, गावानं मिळून केलेल्या. थेट ओढ्यात जेसीबी लावून खोल करणं सोपं असतं, फोटोही छान येतो. पण वरून माती येत राहिली की दोन पावसाळ्यांत ते भरतं. ओढा खणताना कठीण खडकापर्यंत जाऊ नका, आणि गाळ काठावर ढीग करून ठेवू नका, रानात न्या.

कोल्हापुरी बंधारा असेल तर बर्गे परतीचा पाऊस ओसरताना बसवायचे. आपल्याकडे उत्तरा-हस्ताचाच पाऊस खरा, म्हणून घाई करून पूर येऊ देऊ नका आणि उशीर करून पाणीही जाऊ देऊ नका. बर्गे, रबर सील कुठे ठेवलेत, हे ऑगस्टमध्येच बघा. दरवर्षी दोन-चार गायब असतात.

ठिबकला अनुदान किती?

अल्प आणि अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. राज्याची पूरक मदत धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. पूर्वसंमती यायच्या आधी संच विकत घेऊ नका.

पाणी आल्यावर जमीन खराब होते म्हणतात, खरं का?

खरं आहे. वाळवा, पलूस, मिरजेच्या बाजूला कृष्णाकाठी भारी काळ्या रानात वर्षानुवर्षं पाटानं ऊस भिजवून हजारो एकर क्षारपड, चोपण झालं. आपलं रान मुरमाड, निचऱ्याचं, म्हणून भीती कमी. पण ओढ्याकाठच्या सखल काळ्या पट्ट्यात तेच होणार. कॅनॉलचं पाणी येण्याआधी त्या रानाचं माती परीक्षण करून सामू आणि क्षारता लिहून ठेवा, आणि सखल भागातून पाणी बाहेर काढणारी चारी आधी खणा. माळ भिजतो आणि खालचं रान बिघडतं, खालचा मालक वेगळाच असतो. ही नुकसानी कोणाची, हे नियमावलीत हवं.

दुष्काळ पडला तर?

त्याचा निर्णय दुष्काळात घ्यायचा नसतो. ऑक्टोबरच्या शेवटी पाणीपातळी मोजा आणि नियम आधीच ठरवलेला असू द्या. पातळी अमुक मीटरच्या खाली असेल तर रब्बीचं क्षेत्र निम्मं, त्याखाली असेल तर फक्त बागा जगवायचं पाणी, त्याखाली असेल तर मोटर बंद आणि पाणी पिण्यासाठी राखीव. आकडे तुमच्या विहिरींच्या नोंदींवरून निघतील. नोंदी नसतील तर याच मेपासून सुरू करा.

सगळे तयार होत नाहीत. चौघं-पाच जण बाहेर राहतायत. थांबायचं का?

थांबू नका, पण पाइपचा व्यास ठरवताना तेही पुढे येतील असं धरून ठरवा, आणि त्यांच्या बांधाजवळ टी टाकून टोपण लावून ठेवा. उशिरा येणाऱ्यानं किती भरायचं तेही पहिल्याच ठरावात लिहा. दुसऱ्या उन्हाळ्यात ते येतातच.